कोऱ्या कागदावरचा शिक्का

गाडी बंद पडली ती नेमकी डोंगरकडा गावाच्या पुढे, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि चिटपाखरू नाही अशा रस्त्यावर. जान्हवीनं तीनदा किल्ली फिरवली. तिसऱ्यांदा समोरचे सगळे दिवे एकदम लागले… आणि एकदम विझले.

मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात सतरा माणसांच्या रक्ताच्या नळ्या होत्या. ज्या म्हाताऱ्यांना तालुक्याला येणं जमत नाही त्यांच्या घरी जाऊन नमुने गोळा करायचे आणि कळमनुरीच्या लॅबमध्ये पोचवायचे, हे काम तिनं एकटीनं उभं केलं होतं. गाडी त्याच्यासाठीच घेतली होती. जुनी, पण "ताई, डोळे झाकून न्या" असं विकणारा प्रमोदशेठ म्हणाला होता. त्याला आज एकोणीस दिवस झाले होते.

"धक्का मारू का?"

मोटारसायकल थांबवून एक तरुण उभा होता. शर्ट स्वच्छ, बोटं मात्र ऑइलनं काळी.

"धक्का नको. मेकॅनिक पाहिजे."

"मंग देवानं ऐकलंच म्हना की तुमचं. मीच हाय मेकॅनिक."

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. एरवी जान्हवीला ते आवडलं असतं.

"हसू नका. सतरा माणसं सकाळपासून उपाशी बसली होती या नळ्यांसाठी."

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "मंग पहिले तो डबा घ्या आन् बसा मागं. गाडी कुठं पळून चालली न्हाई."

तरी उशीर व्हायचा तो झालाच. पाच नळ्या वाया गेल्या. त्यातली एक मंजुळाबाईंची, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे उद्या पुन्हा उपाशी ऱ्हाऊ का गं माय?" संतापानं तिचे डोळे भरून आले.

दुपारी ती आखाडा बाळापूरला त्याच्या गॅरेजवर आली, तेव्हा त्यानं गाडी ओढून आणून ठेवली होती. तो सीटबेल्ट ओढत राहिला, पार शेवटापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाचा पिवळट डाग होता. मग त्यानं पायाखालची चटई उचलली. तिथंही गाळ. सीटचे बोल्ट गंजून लाल झालेले.

"ही गाडी पुरात बुडालेली हाय, मॅडम. आतून वायरिंग सडून राहिली. आन् मीटर अठ्ठावीस हजार दाखवतो, पण ब्रेकच्या पायडलचं रबर बघा, पार गुळगुळीत. लाखाच्या वर पळालेली हाय ही. मीटर मागं फिरवला कुनीतरी."

"शक्यच नाही. तपासणीचा कागद आहे माझ्याकडे!" तिनं पर्समधून घडी काढली. 'इंजिन, वायरिंग, बॉडी सर्व उत्तम.' खाली निळा गोल शिक्का. तो वाचता वाचता तिची नजर सहज वर गेली… गॅरेजच्या पाटीवर. तेच नाव. वैजनाथ ऑटो गॅरेज.

"वैजनाथ म्हणजे… तुम्ही?"

"व्हय."

"तुम्ही तपासली होती ही गाडी?"

"न्हाई. आज पयल्यांदा पाहून राहिलो." तो खाली बघत होता. "शेठला कोरे कागद शिक्का मारून देऊन ठेवले होते. पंचवीस. ते म्हनले, दर गाडीला तुला बोलवायची तकलीफ काहून द्यायची… माझं अर्धं काम त्यांच्याकडून येतं."

"तुमचं काम!" जान्हवीचा आवाज चढला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं मान वळवली. "अहो, शेठ गोडच बोलणार, हे काय मला कळत नव्हतं? मी त्याच्या बोलण्यावर नाही, तुमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. म्हटलं, मिस्त्रीनं बघितलीय. आणि मिस्त्रीनं काय केलं… डोळे मिटून पंचवीस ठप्पे मारले!"

तो वाकून ती चटई नीट अंथरू लागला. त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती प्रमोदशेठकडे गेली. शेठनं चहा मागवला, तिनं तो घेतला नाही.

"जुन्या गाडीची गॅरंटी ब्रह्मदेव बी देत न्हाई, ताई. आन् तुमी सही केली न? 'जशी आहे तशी घेतली' म्हनून?" मग मधाळ हसून तो म्हणाला, "असं करा, वडलांना पाठवा. बायामानसाला गाडीतलं काय कळतं?"

"मला गाडीतलं कळत नव्हतं, म्हणून तर तुम्ही मला फसवलंत," ती उभी राहत म्हणाली. "पण कायद्यातलं वाचता येतं मला."

आणि तिनं खरंच वाचलं. ग्राहक मदत क्रमांकावर फोन लावला, शंभर प्रश्न विचारले. जो धंदा म्हणून गाड्या विकतो, त्याला लपवलेला दोष 'जशी आहे तशी'च्या एका ओळीखाली झाकता येत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तिनं बिल, तो कागद, गाळाचे फोटो जोडले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीची जुनी नोंद मागवली. त्यात दोन वर्षांपूर्वीच शहाण्णव हजार किलोमीटर लिहिलेले होते. तक्रार हिंगोलीच्या ग्राहक आयोगात दाखल झाली.

पण त्याआधी, तिसऱ्याच दिवशी सकाळी सहाला, वैजनाथ मोटारसायकल घेऊन तिच्या दारात उभा होता.

"गाडीबिगर नमुने कसे गोळा करता? मी नेतो."

"उपकार नकोत मला."

"उपकार कुठले? माझ्यामुळंच झालं न हे."

तिनं क्षणभर विचार केला. मंजुळाबाई वाट बघत असणार. "पेट्रोल माझं. आणि वाटेत बोलायचं नाही."

"व्हय."

दोन किलोमीटर गेले. रानातून शिजत्या हळदीचा ओला, उग्र वास येत होता.

"हळदीचा वास किती—"

"बोलायचं नाही म्हटलं ना?"

"तुमाला न्हाई, मी हळदीला बोलून राहिलो."

जान्हवीनं ओठ घट्ट मिटून घेतले. बरं झालं, मागे बसल्यामुळं त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता… आरसा होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

महिने असेच गेले. श्रावणातली एक सर त्यांना पुसेगावच्या वाटेवर गाठून गेली, तेव्हा वैजनाथनं झटक्यात गाडी थांबवली, अंगातला रेनकोट काढला आणि नळ्यांच्या डब्याभोवती गुंडाळला. दोघंही चिंब.

"मला विचारलंसुद्धा नाही, भिजताय का म्हणून!"

"तुमी भिजल्या तर वाळसाल. नळ्या खराब झाल्या तर म्हाताऱ्यांना पुन्हा उपाशी बसावं लागंल." केसांतलं पाणी निथळत तो अगदी साधेपणानं म्हणाला. जान्हवीनं मान फिरवली. एवढी नेमकी काळजी तिच्या कामाची आजवर कुणी केली नव्हती. आणि ती यानंच करावी? राग टिकवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं.

त्याच दिवशी चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "मी लिहून देतो. शपथपत्र. कोरे कागद दिले म्हनून."

"काम जाईल तुमचं."

"जाऊ द्या."

"माझ्यासाठी करू नका. माझ्यासाठी केलंत तर मला राग येईल."

"तुमाला कशाचा राग येत न्हाई ते सांगा एकडाव, तेच करतो!" मग तो गंभीर झाला. "तुमच्यासाठी न्हाई. बाकीचे चोवीस कागद कोनाकोनाच्या घरात गेले असतील… ते मनातून जात न्हाई."

शपथपत्र दिलं आणि शेठकडून येणारं काम आठवड्यात बंद झालं. बाजारात लोक बोलू लागले, ह्यानं तर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. येणारी गिऱ्हाइकंही रोडावली.

सुनावणीच्या दिवशी बाहेर पडवीत शेठनं तिला गाठलं. "अर्धे पैसे आज हातात देतो. मिटवा."

"आणि ही गाडी? रंग मारून पुढच्याला विकाल?"

शेठ घड्याळाकडे बघू लागला.

"मग नाही मिटवत."

आत शेठच्या वकिलानं सांगितलं, गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून ही बाई ग्राहकच नाही. जान्हवी उभी राहिली. "साहेब, मी एकटी काम करते. त्यावरच माझं पोट आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी वस्तू घेणारा माणूसही ग्राहकच असतो, असं कायद्यात लिहिलंय."

निकाल जानेवारीत लागला. गाडीची पूर्ण किंमत व्याजासह परत, मनस्तापाची भरपाई वेगळी. निकालपत्रात वैजनाथच्या शपथपत्राचा उल्लेख होता आणि त्याच्या निष्काळजीपणावर दोन खरमरीत ओळीही होत्या. त्यानं त्या शांतपणे वाचल्या.

"बराबर लिवलंय," तो म्हणाला. "आता नवी गाडी घेसाल. माझं काम संपलं." आणि तो गेला.

आठ दिवस आलाच नाही. फोनही नाही. जान्हवी रिक्षा करून गावं फिरली. रिक्षावाला अखंड बोलत होता आणि तिला त्यातलं काहीएक ऐकू येत नव्हतं.

नवव्या दिवशी भर दुपारी ती बाळापूरला उतरली. गॅरेजात एकच स्कूटर उभी होती. वैजनाथ स्कूटरमागून उठला, जान्हवीला बघून गडबडीनं हात पुसू लागला.

"न सांगता यायचं बंद केलंत?"

"मला वाटलं… तुमचा राग गेला न्हाई अजून. कोन्त्या तोंडानं येऊ?"

"नाहीच गेला!" ती कडाडली. पंक्चरवाल्यानं या वेळीही काम थांबवलं. "त्या पंचवीस कागदांचा आहे, तो जायचा नाही. आता आठ दिवसांचा त्यात नवा. एवढा राग घेऊन मी रिक्षात बसायचं? आणि त्या रिक्षावाल्यावर ओरडायचं?"

"मंग…?"

"मंग काय मंग! मला रोज सकाळी रागवायला तुम्ही समोर लागता. तुम्हीच. दुसरं कुणी चालत नाही… कळतंय का काही?"

वैजनाथच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याचे डोळे हसू लागले होते, पण ओठांना अजून धीर होत नव्हता.

"किती दिवस रागावसाल?"

"जन्मभर," जान्हवी म्हणाली. आणि आपण काय बोलून गेलो हे कळताच कानशिलांपर्यंत लाल झाली.

"चालतंय," तो हळूच म्हणाला. "उद्या सहाला येतो."

"साडेपाचला. मंजुळाबाई लवकर उठतात."