रूपपालटाची किंमत

वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी. काटा दुकानातला असो नाहीतर प्रयोगशाळेतला, मी त्यावर माझी पितळी वजनं ठेवतो, आकडा जुळला की ‘तोल बरोबर’ असा शिक्का मारतो आणि पुढच्या काट्याकडे वळतो. म्हणूनच रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर जो खेळ चालायचा, त्याचे नियम सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

खेळ असा: मी गोष्ट सांगायची, समोरच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं, त्या पात्राची माहिती आपापल्या कागदावर लिहायची, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. खेळायला तिघं. औषधांच्या दुकानात बसणारी माझी मैत्रीण, निवृत्त झालेले गणिताचे सर आणि वेगळा राहणारा माझा धाकटा भाऊ. आतल्या खोलीत बाबा. धाकट्याचा आवाज कानावर पडावा म्हणून रविवारी ते रेडिओ बंद ठेवायचे. माझ्यासाठी त्यांनी तो कधी बारीकही केला नव्हता.

धाकट्याने आपल्या पात्राला रूपपालटाची शक्ती मागितली. नियमांच्या पुस्तकात ती नव्हती, आम्ही घरीच रचली आणि तीन रविवारांत खेळाचा विचका झाला. कुलूप दिसलं की हा उंदीर, भिंत आली की घार, मारामारी सुरू झाली की अस्वल. सर वैतागून म्हणाले, “मी काय तलवार घेऊन हवा खायला आलोय?”

घरीही त्याचं हेच. बाबा इस्पितळात होते तेव्हा अकरा रात्री मी बाकावर काढल्या. हा नवव्या दिवशी संत्री घेऊन आला, बाबांच्या पायाशी लहान मूल होऊन बसला, आणि बाबा म्हणाले, आता बरं वाटतंय. ज्याच्यासमोर जसं हवं तसा हा होणार, आणि त्याला कधी काही सोडावं लागणार नाही. मला याचा राग होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

म्हणून मी नियम केला. प्रत्येक रूपपालटाला पात्राच्या कागदावरची स्वतःबद्दलची एक ओळ कायमची खोडायची, शाईने. धाकट्याच्या कागदाच्या कोपऱ्यात मी तो लिहिला आणि सवयीने खाली ‘तोल बरोबर’ असंही लिहून टाकलं.

पात्राला जन्म देताना माणूस काहीतरी नवं रचतो. धाकटा पहिल्यापासून आळशी. त्याने स्वतःचंच लिहून ठेवलं होतं. डाव्या भुवईवर व्रण. डावखुरा. मांजराजवळ शिंका. जिन्यात शीळ. एक मोठा भाऊ.

पाचच ओळी. नियमानंतरच्या पहिल्या रविवारी तो कोल्हा झाला आणि त्याने व्रण खोडला.

पुढच्या रविवारी तो खिडकीशी बसला होता, चेहऱ्यावर सरळ ऊन. भुवई अखंड होती. तो व्रण मीच दिलेला, लहानपणी लोखंडी पट्टी फेकून. “भुवईचं काय केलंस?” मी विचारलं.

“काय करायचंय भुवईचं?” तो हसला. “दादा, तू घरातही काटे तपासतोस का रे?”

खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं.

त्या दिवशी तो मासा झाला आणि दुसरी ओळ गेली. आठ दिवसांनी त्याने चहाचा कप उजव्या हाताने उचलला, फासा उजव्या हाताने टाकला. औषधवाली म्हणाली, “तुम्ही डावखुरे ना?” त्याने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली. त्या दिवशी त्याने शिंकांची ओळ खोडली. पुढच्या रविवारी शेजारच्यांचं मांजर तासभर त्याच्या मांडीवर झोपलं, आणि तो एकदाही शिंकला नाही.

डोळे फसवतात, वजन फसवत नाही, असं मी नव्या लोकांना शिकवतो. या गोष्टीला वजन नव्हतं, म्हणून मी ती मानली नाही. निदान मानत नाही असं स्वतःला सांगत राहिलो.

चौथी ओळ शिळेची, मग तीही खोडली गेली. तो जिना चढताना दोन सूर वाजवायचा. गुडघे धरलेले बाबा ते ऐकून घंटी वाजायच्या आत दाराशी पोचलेले असायचे. पुढच्या रविवारी जिना मुका होता. घंटी वाजली. बाबा जागचे हलले नाहीत.

“बघ रे, कोण आलंय,” ते मला म्हणाले. मग जरा थांबून, “तू चहा फार छान करतोस.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आतल्या खोलीत रेडिओ चालू होता.

खेळात त्या दिवशी औषधवालीचं पात्र विहिरीत पडलं होतं. वर काढायला पंख हवे होते. धाकट्याने कागद पुढे ओढला. एकच ओळ उरली होती.

त्याने पेन मागितलं. मी दिलं. पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवून तो थांबला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी रस्ता ओलांडण्याआधी पाहायचा तसं.

“दादा, खोडू?”

नियम माझा होता. तो मोडायला मला कुणाची परवानगी नको होती. एक ‘थांब’ पुरला असता.

आतून बाबांनी मला हाक मारली. मला, त्याला नाही.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो.

त्याने सरळ रेघ ओढली, गरुड झाला, औषधवालीला वर काढलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“हे तुमचं पेन,” तो म्हणाला.

मी पुढचा आठवडा त्याला फोन केला नाही. काय विचारणार होतो?

रविवारी तो वेळेवर आला. चपला बाहेर काढल्या, नीट जोडून ठेवल्या. कुठे बसू म्हणून विचारलं. मी खुर्ची दाखवली तेव्हा आभार मानले. खेळ लवकर संपला. त्या दिवशी कुणाचंच लक्ष नव्हतं.

चहाला बाबा बाहेर आले. त्यांनी त्याला नमस्कार केला. त्यानेही केला.

मी त्याचा कागद बाबांसमोर धरला. पाच रेघा, कोपऱ्यात माझं अक्षर. “बाबा, हे बघा. हा कोण आहे, आठवतंय का?”

“तुझे मित्र ना?” बाबा संकोचले. “पाहुण्यांना बिस्किटं दे.”

धाकट्याने उजव्या हाताने कप उचलला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, “काका, तुम्हाला मुलं किती?”

“एकच,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हा. मोठा.”