खिसा रिकामा

दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. हं, ऐका. माणूस माझ्या ओळखीचा आहे, अजून हयात आहे, म्हणून नाव घेत नाही. स्पीकर दुरुस्त करायचा. आम्ही त्याला भोंगेवालाच म्हणायचो.

फुटक्या स्पीकरमधून काढलेलं एक चपटं लोहचुंबक तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा. काम करताना सुटे स्क्रू खिशावरच चिकटवायचे, म्हणजे हरवत नाहीत. आम्ही हसायचो, तो कुणाला भीक घालायचा नाही.

त्याच्या वडिलांच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की चुंबक वीतभर तरी लांब ठेवा. मग दाराबाहेर पत्र्याचा डबा आला. खिशातलं त्यात टाकायचं, मगच आत यायचं. चपला वाजल्या की वडील खाटेवरून विचारायचे, "खिसा रिकामा केलास का?" रोज. हा वैतागायचा, पण डबा वाजवून दाखवायचा.

एका संध्याकाळी वडील न्हाणीघरात पडले. आईची हाक ऐकून हा दुकानातून तसाच धावला. त्यांना छातीशी घट्ट धरून उचललं, खाटेपर्यंत आणलं. वडील त्याच्या खिशाकडे बघत होते. काहीतरी बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. चुंबकाने यंत्र बंद पडत नाही, फक्त ठोके ठरावीक चालीवर पडू लागतात, लांब केलं की पूर्ववत होतं. हृदयच थकलं होतं. पण याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. बापाला मीच मारलं, म्हणायचा.

वडील गेल्यानंतरचा तेविसावा दिवस, मंगळवार. आई बहिणीकडे गेलेली. दुरुस्त केलेला स्पीकर गावाबाहेरच्या सभागृहात पोचवून हा परत आला, तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. सवयीने खिसा डब्यात रिकामा केला. डबा वाजला. किल्ली काढली.

आतून आवाज आला.

"खिसा रिकामा केलास का?"

कुलूप तसंच होतं. त्याने ते काढलं. आत अंधार. खाट रिकामी.

"केला, बाबा..."



मग खिसा ताणला गेला. रिकामा खिसा. खाटेच्या दिशेने. एक पाऊल. दुसरं. गुडघे टेकले. छातीवर काहीतरी विसावलं... डोक्याएवढं जड.

"माझ्यामुळेच का?"

मग ठोके. एका चालीवर. एकसारखे...

त्याचे नव्हते.

सकाळी डब्यातल्या चुंबकाला टाचणीसुद्धा चिकटेना.

हे त्याने मला वर्षभराने सांगितलं, त्याच घरात, त्याच खाटेवर बसून. तोवर आईलाही तेच यंत्र बसवायचं ठरलं होतं. घरात तिला उठवाय-बसवायला हा एकटाच. खाली मान घालून त्याने विचारलं, "काका, वीतभर पुरेल का?"

त्याच्यात तसलं काही नाही हे दाखवून समजूत काढावी म्हणून मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि त्याच्या छातीजवळ धरलं. सुई गरकन फिरली, त्याच्यावर थांबली. वीतभर मागे सरलो. हातभर सरलो. खोलीत त्याच्याभोवती फिरून पाहिलं. शेवटी दाराबाहेर, त्या डब्यापाशी जाऊन उभा राहिलो.

सुई त्याच्याकडेच होती.