सहभागी क्रमांक तेवीस

वीज आली तेव्हा पलूसचा वायरमन कपिल खांबावरून उतरत होता आणि साताऱ्याची नीलिमा खाली उभी राहून त्याच्याकडे एकटक बघत होती. एरवी प्रेमकथेला एवढं पुरतं. पण ती त्याचं पोट बघत होती.

"वजन किती तुमचं?"

"शहाऐंशी. का... खांब वाकला काय?"

खांब शाबूत होता. नीलिमाला तेविसावा माणूस हवा होता. सांगलीच्या एका कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळात एक चोथा असतो. तो आपल्याला पचत नाही. तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले भले जिवाणू त्यावर जेवतात. जिवाणू पोसले की माणूस वजनानं उतरतो का, हे तिला बारा आठवड्यांत बघायचं होतं. असल्या चोथ्याला प्रीबायोटिक म्हणायचं, हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी दीडच वर्षापूर्वी ठरवलं होतं; आता सत्त्याण्णवचा जानेवारी चालू होता.

पंधरा जणांना चोथ्याच्या पुड्या, पंधरांना साध्या पिठाच्या. कुणाला काय, ते फक्त तिच्या मार्गदर्शक सरांच्या कपाटाला ठाऊक. रोजचं खाणं वहीत लिहायचं, शनिवारी वजन द्यायचं, आणि... दर महिन्याला सकाळचा नमुना. शिवाय संशोधकाचा नातेवाईक चालणार नाही. नातेवाईक आकडे गोड करतात, असं सरांचं मत होतं.

"तुमी माझ्या नात्यातल्या न्हाई ना?" कपिलनं काळजीनं विचारलं.

"नाही."

"मग हाय मी."

पहिली भेट म्हणून मुलं गुलाब देतात. कपिलनं नमुना दिला. पलूसच्या एस.टी.त कुणी विचारू नये म्हणून तो त्यानं पेढ्यांच्या खोक्यात घालून आणला होता. खोकं आधी शिपाई केरबाच्या हाती लागलं. केरबानं पुढे वर्षभर कुणाचाच पेढा खाल्ला नाही.

पहिल्या शनिवारी वहीत होतं : भजी दोन प्लेट, भडंग, चहा चार, पुन्हा भजी. नीलिमानं ते वाचलं. फक्त डावी भुवई जराशी वर गेली. ती भुवई कपिल पलूसपर्यंत घेऊन गेला.

पुढच्या शनिवारी भजी एकच प्लेट होती. पाचव्या शनिवारी नव्हतीच. नीलिमाला वाटलं, गडी खोटं लिहितोय. सगळेच लिहीत होते. एका गृहस्थांच्या वहीत तर तीन आठवडे नुसती काकडी होती आणि वजन वाढत होतं. तरी कपिलची वही ती दोनदा वाचायची. शनिवारी त्याचा नंबर हल्ली शेवटी यायचा. यादी नीलिमाच करायची.

एप्रिलात सरांनी कपाट उघडलं. चोथावाल्यांचे भले जिवाणू झकास वाढले होते आणि वजन सरासरी सहाशे ग्रॅम उतरलं होतं. साध्या पिठावाल्यांचं सातशे. म्हणजे जिवाणूंपेक्षा पीठ बरं. त्या पंधरांत एकट्या तेवीस नंबरनं नऊ किलो खाली आणले होते. तो वगळला, तर बाकीच्यांची सरासरी जेमतेम शंभर ग्रॅम.

सर म्हणाले, वगळायला कारण द्या, नाहीतर नवी तीस माणसं आणि पुन्हा पहिल्यापासून. साताऱ्याला आईवडिलांना नीलिमानं शिक्षणाचं हे वर्ष शेवटचं म्हणून सांगितलेलं होतं.

नीलिमानं कपिलला वजनकाट्यावर उभं केलं. म्हणाली, तुमच्या नमुन्यातले जिवाणू जानेवारीत होते तसेच आहेत, तेव्हा पुडीनं काही केलेलं नाही. मग नऊ किलो गेले कुठं?

"वहीत हाय की सगळं."

"वही खरी आहे?"

"एक अक्षर खोटं न्हाई. लिवलं तेवढंच खाल्लं." काटा जरासा हलला. "तुमी वाचणार म्हणून... भजी तोंडाशी न्यायचो, आन् तुमची भुवई आठवायची. आठ दिवसांतनं एकदा तर दिसता. तवा तरी बरं लिवलेलं असावं, म्हटलं."

नीलिमानं काट्याकडे पाहिलं. तो सत्त्याहत्तरवरच होता.

"उतरा खाली," ती म्हणाली. "आणि सरांनी काही विचारलं, तर हो म्हणायचं... तुम्हाला तसं वाटत असेल तर."

सरांना तिनं वहीचं सांगितलं. सर म्हणाले, वही तिसांनाही दिली होती, ते कारण चालणार नाही. मग तिनं फॉर्म ओढला आणि कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहिला. सरांनी चष्मा पुसून तो वाचला : नातेवाईक.

"कधीपासून?"

"बुद्धपौर्णिमेपासून होतील, सर. घरी विचारायचंय अजून."

सरांनी दाराकडे पाहिलं. तिथं कपिल रिकामी पुडी चोळत उभा होता.

"काय हो, खरं का?"

कपिलनं नीलिमाकडे पाहिलं. डावी भुवई वर गेली होती.

"व्हय, सर," तो म्हणाला.

"मग हे जानेवारीत का नाही सांगितलं?"

"मलाच आज कळलं, सर," नीलिमा म्हणाली, आणि सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला.