काउंटरवर राहिलेला डबा

डायलिसिसच्या रुग्णांच्या खास पावडरचा डबा काउंटरवरच होता!

वर्षालीनं लेबल पुन्हा वाचलं. मग काल प्रज्वलच्या पिशवीत गेलं काय? तिनं फळीकडे पाहिलं. तसाच दिसणारा, ताकदीच्या साध्या पावडरचा डबा गायब! देवा रे... त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं, आणि त्याच्या आईच्या दोन्ही किडन्या निकामी. कमीजास्त झालं तर थेट हृदयावर!

थेरगावच्या या मेडिकलमध्ये प्रज्वल पहिल्यांदा आला, तो नुसते सुट्टे मागायला. मग दर मंगळवारी आईसाठी डबा न्यायला लागला. "बऱ्या आहात ना?" एवढंच विचारायचा, पण असं बघून... की काउंटरमागच्या वर्षालीबाईंना पुढचं गिऱ्हाईक दिसायचंच नाही. तेच आज भोवलं.

तिनं प्रज्वलला फोन लावला. बंद! चाकणच्या त्याच्या कंपनीत गेटवरच फोन जमा करून घेतात. बिलावर रहाटणीचा पत्ता होता. बरोबरचा डबा उचलून तिनं रिक्षा पकडली.

दार उघडंच होतं. प्रज्वलची आई, कौशल्याबाई, पावडर कालवलेला पेला तोंडाला लावणार—

"काकू, नका पिऊ!"

पेला हातातच राहिला. वर्षालीनं धापा टाकत सगळं सांगितलं आणि तिला रडूच कोसळलं.

"घोटबी घेतला न्हाई गं, जुना संपला म्हनून कालचा डबा आत्ताच फोडला," कौशल्याबाई म्हणाल्या. "गुपचूप बदलून ठेव. त्याला सांगू नको, लई तापट हाय."

तेवढ्यात शिफ्ट संपवून प्रज्वल दारात. "तुम्ही? इथं?"

झाकता आलं असतं. पण ती बोललीच. "मी... चुकीचा डबा दिला. काकूंच्या जिवावर बेतलं असतं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई आहे ती माझी, वर्षाली!"

"माहितीये. म्हणून धावत आले. यापुढे दुसऱ्या दुकानातून घ्या... मी काही म्हणणार नाही."

मग तरातरा जाऊन त्यानं कपाट उघडलं. आत डायलिसिसचे सहा डबे, सगळे सीलबंद.

"एक डबा तीन आठवडे पुरतो," तो चिडूनच म्हणाला, पण कान लाल झाले होते. "मी दर मंगळवारी नेतो. तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आली होती," वर्षाली डोळे पुसत म्हणाली. "पण विचारलं असतं, तर तुम्ही यायचं थांबला असतात."