हळदीचा वरवंटा

“हलद वाटा गो बायांनो, हलदीला आलंय सोनं…”

उन्नतीची आजी बायजाबाई हळदीला गायची, तो आवाज तिनं लहानपणी ऐकलेला. बायजाबाई गेली, वरवंटा राहिला. काळा, गोलसर, एका फुटक्या टोकाला कुणी मूठ कोरावी तशी खाच. खारबावच्या त्या घरातल्या प्रत्येक नवरीची हळद त्यानंच वाटायची. हजार वर्षांपूर्वी कुणी घडवला, असं सगळे सांगत.

भावाच्या हळदीला त्याचा मित्र प्रितम आला होता. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. जेवायचं सोडून त्यानं वरवंटाच उचलला.

“खरंच कुणी घडवलाय का, तपासून सांगतो,” म्हणाला.

मग दर रविवारी येऊ लागला. घडीचं भिंग आणि वही घेऊन.

“सर, नजर लागेल हां दगडाला,” उन्नती म्हणाली.

“भिंगातून नाही लागत.”

“उघडलं तर ना… मिटलेलंच आहे ते.”

तो खाली बघून हसला. पाचव्या रविवारी तिचे वडील, केसरीनाथ, ओटीवरून ओरडले, “काय रं पोरा, अजून न्हाय कलला दगुड?”

उन्नतीनं चहा ठेवला. “आज सांगाच. पुढच्या रविवारी कामतघरचे पाहुणे येतायत… मला बघायला.”

त्यानं कप उचलला नाही. दगडाचं फुटकं टोक तिच्याकडे वळवलं.

“घडवलेला नाही. खाडीनं घासलाय. खाचेत मऊ थर आहे, तो आधी झिजला. इथं बघा, तोच थर आतपर्यंत गेलाय. छिन्नीची खूण कुठंच नाही. आणि हा पिवळेपणा, तो दगडातल्या लोखंडाचा.”

तिनं नखानं पिवळं खरवडलं, बोट त्याच्या नाकाशी नेलं.

“लोखंडाला हळदीचा वास येतो होय?”

तो ओशाळला. वहीतलं ‘लोखंड’ खोडू लागला, तेव्हा तिला वरची तारीख दिसली. पान पहिल्या रविवारचं. तळाशी निष्कर्ष, एकच शब्द: नैसर्गिक.

“म्हणजे… तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“मग हे चार रविवार?”

दूर स्टेशनात गाडी थांबली, सुटली. त्यानं वही मिटली.

“तुम्हाला बघायला यायचो. कामतघरच्यांना नाही म्हणा, उन्नती. रविवारी मी आईला घेऊन येतो.”