घाटातली मोजणी

मे महिन्यात आठ पाहुणे यायचे होते. मार्च निम्मा सरला तरी राइमोंदाच्या टेबलावरचा नकाशा पाचव्या दिवसापाशी अडून बसला होता. पहिले चार दिवस बिनबोभाट ठरले. समुद्राकाठचा सपाट रस्ता, मग बुचाच्या झाडांमधला चढ, पाणी कुठे भरायचं, चीज कोणत्या धनगराकडून घ्यायचं, सगळं. सार्डिनियात सायकलवाल्या पाहुण्यांना फिरवायचं म्हणजे निम्मं काम हिवाळ्यात बसल्याबसल्या उरकावं लागतं, आणि राइमोंदा ते अकरा वर्षं करत होती. पुढे सायकलवर तिचा नवरा एफिजिओ, मागून गाडी घेऊन ती.

पाचव्या दिवसाला दोन रस्ते होते. एक लांबचा, दरीला वळसा घालणारा. दुसरा जेन्नारुबियाच्या खिंडीतून. एफिजिओने खिंडीवर बोट ठेवलं होतं आणि ते काही तो उचलेना.

"लांबचाच घेऊ," ती म्हणाली.

"खिंड टाळली तर लोक म्हणतील, याच्या मनात पाप आहे."

"म्हणेनात का. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

लोक म्हणतच होते. गेल्या ऑक्टोबरात खिंडीवर नऊजण चढले आणि आठच उतरले. घाटाची रीत ठरलेली असते. धुकं उतरलं की माथ्यावर थांबायचं. पुढच्याने 'एक' ओरडायचं, त्याच्या मागच्याने 'दोन', असं अगदी शेवटच्यापर्यंत. शेवटचा आकडा कानावर पडल्याशिवाय कुणी उताराला लागायचं नाही. त्या खेपेला शेवटी असायचा योस्त, हॉलंडचा शाळामास्तर, जाडजूड, हसरा, चढावर धापा टाकणारा. त्या दिवशी नेमकी राइमोंदाची गाडी बिघडून खाली राहिली होती. एफिजिओने 'एक' म्हटलं, आकडे मागे मागे गेले, धुक्यातून 'नऊ' आलं, आणि ते पलीकडे उतरले. योस्त दुसऱ्या दिवशी सापडला, तो अलीकडच्या दरीत. डॉक्टर म्हणाले, पडल्यापडल्याच गेला. म्हणजे चढ न झेपून तो मधूनच माघारी उतरला होता, माथ्यावर पोचलाच नव्हता.

मग 'नऊ' कोण म्हणालं? आठव्या आकड्याची बाई म्हणाली, वारा फार होता, आठवत नाही. गावाने निकाल देऊन टाकला, एफिजिओने मोजलंच नाही आणि आता गोष्टी रचतोय. खरं सांगायचं तर राइमोंदालाही तेच वाटायचं. तिने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण तेहतीस वर्षांच्या संसारात न बोललेलंही कळतं. एफिजिओचं जेवण तुटलं, झोप उडाली. माझ्या बायकोने तरी माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढीच त्याची भूक उरली होती. आणि तेवढं एकच तिला देता येत नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला. आधी दोघांनी जाऊन रस्ता बघून यायचा, मग काय ते ठरवायचं.

सकाळी अकराला चढ सुरू झाला तेव्हा ऊन लख्ख होतं. एफिजिओ पुढे, गाडी मागे. खड्डे, निसटलेले दगड, मोडके कठडे, ती सगळं वहीत टिपत होती. सातव्या वळणावर ढग रस्त्यावर उतरला. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, त्या थांबल्या. तिने काच खाली केली आणि नाकात जळक्या रबराचा वास शिरला. उतारावर कुणी ब्रेक दाबून धरले की येतो तसला. पण ती दोघं तर चढत होती. मेली ही गाडीच जुनी झालीय, असं ती स्वतःशी पुटपुटली.

माथ्यावर एफिजिओ एक पाय टेकून उभा होता. तिने गाडी त्याच्याशेजारी आणून बंद केली. त्याने मान वळवली नाही. सवयीनेच ओरडला, "एक!"

मागे धुकं होतं, रिकामा रस्ता होता. आणि त्यातून जड जिभेचा, धापा टाकणारा आवाज आला.

"दोन..."

तो आवाज राइमोंदाने ऑक्टोबरात चार दिवस जेवणाच्या टेबलावर ऐकला होता. अजून थोडं वाढा, म्हणणारा.

एफिजिओ तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा उजळला होता.

"ऐकलंस?"

हो म्हटलं असतं तर त्याचं पाच महिन्यांचं ओझं तिथेच उतरलं असतं. पण हो म्हटलं तर हा त्या आवाजामागे जाईल, हेही तिला लख्ख कळलं. जिवाच्या भीतीने ती खोटं बोलली.

"काही नाही. वारा आहे."

त्याचे खांदे पडले. त्याने सायकल गाडीत आडवी घातली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. खिंड यादीतून काढ, म्हणाला, आणि मलाही काढ. राइमोंदाला रडू फुटत होतं. घरी गेल्यावर सांगीन, अगदी सगळं सांगीन, असं मनाशी घोकत तिने गाडी फिरवली आणि आल्या रस्त्याने उताराला लावली.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला तिने वेग कमी केला, तर वरून, माथ्याकडून आवाज आला. या वेळी धाप नव्हती. नुसता वाट पाहणारा आवाज.

"एक..."

आणि मग शांतता, पुढचा आकडा कुणीतरी म्हणेल म्हणून धरून ठेवलेली.

"आताही वाराच का?" एफिजिओने हळूच विचारलं.

या वेळी तिला खोटं जमेना.

"ऐकलं रे. मघाशीही ऐकलं होतं."

तो रागावला नाही. त्याने तिच्या हातावर हात ठेवला, क्षणभरच. "मग थांबव. मागे राहिलेल्याला एकट्याने उतरू द्यायचं नसतं. मी एकदा दिलंय. या वेळी मी त्याच्यासोबत उतरतो."

तिने त्याची बाही धरली, लेकराची शपथ घातली, नको नको ते बोलली. त्याने हळूच एकेक बोट सोडवलं. सायकल काढली, हेल्मेट बांधलं, वर माथ्याकडे बघून जरा वेळ उभा राहिला आणि मग उताराला लागला. ती त्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून कासवगतीने निघाली. पुढच्या वळणावर दिवा उजवीकडे सरकला आणि दिसेनासा झाला.

तिने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. काचेतून पुन्हा तो जळका वास आत आला.

"एक," जड आवाज म्हणाला.

"दोन," एफिजिओ म्हणाला.

तिच्या जिवात जीव आला. ती खाली उतरली आणि पुढे धावली. रस्ता डावीकडे वळत होता. उजवीकडे कठडा होता, हिवाळ्यात ढासळलेला, सकाळीच तिने वहीत लिहिलेला. दोन्ही आवाज कठड्यापलीकडून आले होते.

"एफिजिओ..."

"अगं, इथेच आहे की," तो खालून म्हणाला. किती मोकळा आवाज होता. ऑक्टोबरनंतर असा तो एकदाही बोलला नव्हता. "आम्ही थांबलोय. राइमोंदा, तुझा आकडा?"