डावीकडचा अर्धा कागद

सरोजिनीबाई परचुऱ्यांचा कुठल्याही कागदावर पटकन विश्वास बसत नसे. आधी भिंग, मग कौतुक, हा त्यांचा नेम. तीस वर्षं कॉलेजात फ्रेंच शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमधून फ्रान्स काही निवृत्त झाला नाही. भिंतींवर, कपाटांमागे, एवढंच काय, दिवाणाखालीही १९४५ ते ६० या काळातली फ्रेंच जाहिरातींची पोस्टरं होती. साबणाची, सायकलींची, डबाबंद माशांची. "आमच्याकडे पाहुण्याला पाठ टेकायला जागा नाही, मोहरीला मात्र आहे," असं त्यांचे यजमान श्यामसुंदरराव मोहरीच्या एका पुरुषभर उंच पोस्टरकडे बोट दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मुंबई-बंगलोरचे लोक पोस्टरं पारखून घ्यायला बाईंकडे येत. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले की ती अलीकडची नक्कल. खडूने घासल्यासारखा सलग दाणा दिसला की दगडावरून छापलेलं अस्सल. मग खालच्या कडेला छापखान्याचं नाव, कोपऱ्यात सरकारी कराचं तिकीट, तिकिटावरची तारीख. एवढं झालं की बाई एकच शब्द उच्चारत, आणि तो शब्द पॅरिसपर्यंत चाले. आजवर तो त्यांना एकदाही मागे घ्यावा लागला नव्हता.

त्यांचं स्वतःचं सगळ्यांत लाडकं पोस्टर मात्र अर्धंच होतं. १९७४ साली शिष्यवृत्तीवर पॅरिसला असताना नदीकाठच्या एका जुन्या कागदवाल्याने ते त्यांना जवळजवळ फुकट दिलं होतं. दोन मोठे कागद भिंतीवर शेजारीशेजारी चिकटवायचे असत. त्यातला हा उजवा. त्यावर एक टेबल, वाफाळत्या कॉफीचा पेला, ओढून ठेवलेली रिकामी खुर्ची. वर मोठ्या अक्षरांत 'रीव', पुढे उद्गारचिन्ह. आणि डाव्या कडेला, टेबलाच्या काठावर टेकलेली, लाल हातमोज्यातली चार बोटं. त्यांच्यापुढे कागद संपत होता.

फ्रेंचमध्ये 'रीव' म्हणजे नदीचा काठ. त्यामुळे बाईंनी बावीस वर्षं मनातल्या मनात ते कॉफीचं दुकान नदीकाठी वसवलं होतं. बोटं कोणाची, हे काही कळलं नाही. जगात या पोस्टरची अख्खी प्रत कोणीही पाहिलेली नव्हती.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी, करीमभाईंचा फोन आला. करीमभाईंचा रविवार पेठेत बुकबाइंडिंगचा कारखाना होता. बाईंची सगळी पोस्टरं कापडावर चढवली ती त्यांनीच.

"बाई, तुमच्या बोटांची मालकीण सापडली."

"काय म्हणता!"

"काल जुन्या बाजारातून एक आरसा आणला. पाठीमागची फळी काढली तर आत कागद, चार घड्या घातलेला. मी काही बोलत नाही. तुम्हीच येऊन बघा."

बाईंनी गॅसवरची आमटी यजमानांच्या भरवशावर सोडली, ही गोष्ट लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होती. रिक्षात त्या स्वतःशीच हसत होत्या. पॅरिस पालथं घालून न मिळालेला कागद पुण्यात आरशामागे निघावा, हे त्यांच्या हिशेबी डोक्याला अजिबात पटत नव्हतं. आणि आनंद तर पोटात मावत नव्हता.

करीमभाईंनी कागद फळीवर पसरून ठेवला होता. एक उघडं दार, पट्ट्यापट्ट्यांच्या कागदाने मढवलेली भिंत आणि दारातून झोकात आत येणारी हिरव्या झग्यातली बाई. तोंड हसण्याने उघडं, डोळे हसून मिटलेले, लाल हातमोजा घातलेला हात पुढे केलेला. कागद बरोबर बोटांच्या पेरांपाशी संपत होता. बाईंनी भिंग काढलं. सलग दाणा. छापखाना तोच. तिकिटावर १९५३. तासभर त्यांनी इंच न् इंच तपासला, मग चष्मा काढून डोळे पुसले.

"अस्सल आहे, करीमभाई."

त्याच दुपारी त्यांनी पॅरिसला फोन लावला. तिथल्या एक जाणकार मादाम जाहिरातींच्या पोस्टरांचा कोश तयार करत होत्या आणि त्याच आठवड्यात मुंबईत यायच्या होत्या. पोस्टर पूर्ण आहे, नक्की? मादामनी दोनदा विचारलं. पूर्ण आहे, असा शब्द बाईंनी दिला. शनिवारी मादाम पुण्याला येणार असं ठरलं. एरवी बाई काम हातावेगळं झाल्याशिवाय तोंड उघडत नसत, पण त्या दिवशी त्यांना धीर कुठला!

बुधवारी दोन्ही कागद जोडायला घेतले. करीमभाईंनी मैद्याची खळ शिजवून तिच्यात मोरचूद घातलं, म्हणजे कसर लागत नाही. मोठ्या फळीवर मांजरपाट ताणून बसवला. ओला कागद तान्ह्या पोरासारखा दोघांनी दोन्ही हातांवर उचलून कापडावर घातला, आधी उजवा, मग डावा. करीमभाईंनी शिंगाच्या पट्टीने मधली सांध दाबत आणली. हाताला बोटं भेटली. आणि वर, डावीकडची तीन अक्षरं उजवीकडच्या चार अक्षरांना जाऊन मिळाली.

"झारीव!" बाई मोठ्याने म्हणाल्या. नदीकाठ वगैरे काही नव्हतंच. बावीस वर्षांचं कोडं असं एका शब्दात सुटलं.

"म्हणजे काय हो?"

"येते!"

"या, या," करीमभाई म्हणाले. हात खळीत होते, नजर सांध्यावर होती. कोणी येते म्हटलं की या म्हणायचं, एवढंच.

बाई खळखळून हसल्या. "करीमभाई, माझ्या वर्गातली सगळी पोरं असाच घोळ घालायची. तास संपला की दारातून ओरडायची, 'झारीव, मादाम!' आपण निघताना येतो म्हणतो ना, त्याचं सरळ भाषांतर. तीस वर्षं घसा फोडून सांगत आले, बाबांनो, फ्रेंच माणूस निघताना असं म्हणत नाही. येत असेल तरच म्हणतो."

"मग बरोबरच बोललो की मी," करीमभाई म्हणाले.

पोस्टर वाळायला ठेवून बाई घरी आल्या. रात्री जेवताना त्यांनी सगळी हकिकत सांगितली. "शनिवारी त्या मादामना मोहरीशेजारी बसवू," श्यामसुंदरराव म्हणाले.

गुरुवारी दुपारी बाई पोस्टर पाहायला निघाल्या. श्यामसुंदररावांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता "लवकर ये" म्हटलं आणि त्यांच्या पाठोपाठ उठून दार लावून घेतलं. जिन्यात बाईंनी आतली कडी सरकल्याचा आवाज ऐकला. दुपारी विक्रेते येतात म्हणून ते नेहमीच आतून कडी लावत.

करीमभाई कारखान्याच्या बाहेरच उभे होते.

"बाई, मी हात लावलेला नाही. कारखान्याला कुलूप होतं."

पोस्टर छान वाळलं होतं. सुरकुती नाही, फुगा नाही. उघडं दार, पट्ट्यापट्ट्यांची भिंत, टेबल, पेला, खुर्ची, वर ठसठशीत सात अक्षरं.

हिरव्या झग्यातली बाई नव्हती.

सरोजिनीबाई आधी चिडल्या. शनिवार दोन दिवसांवर आला होता आणि त्यांनी पूर्ण म्हणून शब्द दिला होता. "खळ पातळ झाली का? रंग उतरला का?"

"रंग उतरला तर खाली पांढरा कागद दिसेल, बाई. इथे भिंत दिसतेय."

ते खरंच होतं. जिथे बाई उभी होती तिथे भिंतीवरचे पट्टे अखंड खाली गेले होते. बाईंनी भिंग लावलं. सलग दाणा. दगडावरून छापलेला, त्रेचाळीस वर्षांचा, कुठे खरवड नाही, जोड नाही. तिथे कधी कोणी छापलंच नव्हतं असं कोणत्याही पारख्याने शपथेवर सांगितलं असतं. त्यांनी स्वतःही सांगितलं असतं.

मग त्यांनी भिंग उजव्या कागदावर नेलं. त्यांच्या स्वतःच्या कागदावर, बावीस वर्षं रोज पाहिलेल्या.

टेबलाच्या काठावर बोटं नव्हती.

बाईंना पहिल्यांदाच भीती वाटली. त्या तशाच रस्त्यावर आल्या आणि मिळाली ती रिक्षा करून घरी निघाल्या. तिथे का जायचं आहे, हे त्यांना सांगता आलं नसतं.

तीन जिने चढून त्यांनी बेल दाबली. आत चपलांची फरफट झाली, कडी सरकली, श्यामसुंदररावांनी दार उघडलं आणि ते परत खुर्चीत जाऊन बसले.

"तुझ्या मादाम येऊन गेल्या."

बाईंना पॅरिसच्या मादाम आठवल्या. दोन दिवस आधी आल्या तर! आता त्यांना काय दाखवायचं? "कधी? काय म्हणाल्या?"

"अर्ध्या तासापूर्वी. पेपर वाचता वाचता मला डुलकी लागली होती. डोळे उघडले तर समोर उभ्या. हसऱ्या आहेत हो फार. पण तुझ्या फ्रान्सचं काही सांगता येत नाही. मे महिन्यात, पुण्यात, हातमोजे! तेसुद्धा लाल."

बाईंनी दाराची चौकट धरली.

"तुम्हाला काय म्हणाल्या?"

"एकच शब्द. झारीव. तेवढं फ्रेंच मला येतं, तीस वर्षं घरी येणाऱ्या तुझ्या पोरांनी या जिन्यात ठणाणा केलाय. मग मीही म्हटलं, या."

"आणि?"

"आणि काय? गेल्या."

"जाताना पाहिलंत?"

"अगं, येते म्हणाल्या म्हणजे गेल्याच की! मी पुन्हा पेपर उघडला."

"त्या आल्या तेव्हा दार कोणी उघडलं?"

श्यामसुंदरराव विचारात पडले. "तू उघडं टाकून गेली असशील."

"तुम्ही कडी लावलीत. मी ऐकली."

"मग लावलीच असणार. आत्ता तुझ्यासाठी काढली, ती तू गेल्यापासून पहिल्यांदा."

बाई आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहत होत्या.

"उन्हातून आलीस. आत जाऊन पाणी पी आधी," श्यामसुंदरराव म्हणाले, आणि कुरकुरत उठून, रोजच्या सवयीने, दाराला आतून कडी लावून आले.